एका नौदल वैमानिकाच्या वह्या आणि आपल्या घरातील ट्रंका

(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत दरवर्षी धम्मावर, संविधानावर, परमपूज्य बाबासाहेबांच्या ग्रंथांवर अभ्यासपूर्ण भाषणे होतात. आम्ही विषय कळवला, "जपानी नौदलातील एका वैमानिकाचे खाजगी कागद." तो वाचून आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला दारातच अडवले आणि विचारले, "अहो, बुद्ध विहारात लढाऊ विमानाचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. त्यांना आम्ही एवढेच म्हणालो की, दादा, आज विमानापेक्षा वहीवर जास्त बोलणार आहोत.

या वैमानिकाचे नाव सासाकी हाचिरो. जन्म १९२२ चा. तोक्यो इंपीरियल विद्यापीठात तो अर्थशास्त्र शिकत होता. १९४३ च्या शरद ऋतूत जपान सरकारने कला, कायदा, अर्थशास्त्र अशा शाखांच्या विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून मिळणारी सवलत काढून घेतली. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी तोक्योच्या मैदानावर भर पावसात हजारो विद्यार्थ्यांचे निरोपाचे संचलन झाले. त्या लाटेत सासाकी नौदलात गेला, विमान चालवायला शिकला आणि १४ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाच्या समुद्रावर आत्मघाती हल्ल्याच्या मोहिमेत मरण पावला. अशा मोहिमांना जग 'कामिकाझे' म्हणून ओळखते. ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपाईन्सच्या समुद्रात त्या सुरू झाल्या आणि युद्ध संपेपर्यंत भूदल व नौदल मिळून चार हजारांच्या आसपास वैमानिक त्यांत गेले. त्यांत विद्यापीठातून उचललेली पोरे पुष्कळ होती.

त्या वैमानिकांचा आपल्याशी काहीच संबंध नव्हता, असेही कोणी समजू नये. जपानी नौदलाच्या विमानांनी ५ एप्रिल १९४२ ला कोलंबोवर आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम व काकीनाडा या आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांवर बॉम्ब टाकले होते. सासाकी त्या वेळी कॉलेजात पुस्तके वाचत होता हे खरे. पण तो पुढे ज्या यंत्रणेत गेला ती काय होती, हे डोळ्यांआड करून त्याच्या वह्या वाचता येणार नाहीत.

या वह्या म्हणजे त्याची रोजनिशी. अनेक वर्षांची. काय वाचले, काय पटले, काय पटले नाही, मित्राशी कशावरून वाद झाला, सगळे तो लिहीत असे. घरच्यांनी व मित्रांनी ती जपली आणि १९८१ साली तिचे पुस्तक झाले. एमिको ओनुकी-टिअर्नी या मूळच्या जपानी व अमेरिकेत अध्यापन केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी सासाकी आणि त्याच्यासारख्या आणखी तीन तरुणांच्या लेखनातून त्यांनी वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या तयार केल्या व त्या २००२ साली आपल्या ग्रंथाला जोडल्या. यादी पाहिली की थक्क व्हायला होते. कांट, हेगेल, मार्क्स, गटे, टॉलस्टॉय. सासाकी तर भांडवलशाहीचा कडवा टीकाकार. जुनी भांडवलशाही सहजासहजी जात नसेल आणि पराभवाने का होईना मोडणार असेल, तर त्या राखेतून नवा जपान उभा राहील, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. असा तरुण बादशहाच्या नावाने विमानात बसतो! हा गुंता वही असल्याशिवाय आपल्याला कळलाच नसता.

आता विहारातल्या प्रश्नाकडे येतो. सैन्यात जाण्यापूर्वी सासाकीने एक निबंध लिहिला. विषय होता मियाझावा केंजी यांची एक बालकथा. हे मियाझावा सद्धर्मपुंडरीक सूत्राचे निस्सीम उपासक होते. ते शेतीशास्त्र शिकवत, शेतकऱ्यांत राबत आणि १९३३ साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारले. त्यांची ही कथा १९२४ सालची. तिच्यात कावळ्यांचे आरमार आहे, त्यात हुद्दे आहेत, कवायत आहे. एक तरुण कावळा-अधिकारी डोंगरकावळ्याशी लढून त्याला ठार करतो. विजयाच्या आनंदात असतानाच तो त्या मेलेल्या शत्रूला मूठमाती देण्याची परवानगी मागतो. आणि सप्तर्षींकडे पाहून मनोमन मागतो की, ज्याचा द्वेष करता येत नाही अशा शत्रूला मारावे लागू नये असे जग लवकर येवो, त्यासाठी आपल्या देहाच्या चिंध्या झाल्या तरी चालतील.

सासाकीला ही कथा फार जवळची वाटली. लढायला निघालेल्या पोराने बौद्ध लेखकाची ही कथा समोर ठेवून प्रेम, युद्ध आणि मरण यांवर लिहावे, आणि दीड वर्षाने त्यानेच बॉम्ब लावलेले विमान घेऊन जावे. करुणेची कथा वाचली म्हणून त्याचा हात थांबला नाही. आम्हाला यात समाधान मानण्यासारखे काही दिसत नाही. पण तो निबंध शिल्लक आहे म्हणून निदान हा प्रश्न तरी शिल्लक आहे.

ही गोष्ट आम्ही एवढ्या विस्ताराने सांगितली तिचे कारण, अशा वैमानिकांच्या बहुतेक घरांत जपले जाते ते शेवटचे पत्र. मोहिमेवर जाण्यापूर्वी लिहिलेले. त्याचा साचा ठरलेला असे. आई-वडिलांचे आभार, मुलगा म्हणून सेवा करता आली नाही याबद्दल क्षमा, देशासाठी आनंदाने जातो. हे पत्र वरिष्ठांच्या डोळ्यांखालून जाणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. प्रशिक्षणाच्या तळावरील रोजनिशीसुद्धा अधिकारी तपासत, म्हणून काही जण दोन प्रकारचे लेखन करत, एक दाखवायचे आणि एक लपवायचे. शेवटचे पत्र सुंदर अक्षरात असते, चौकट करून भिंतीवर लावता येते. वहीला चौकट करता येत नाही. ती अडगळीत जाते आणि एक दिवस रद्दीत. पत्र खोटे असते असे आमचे म्हणणे नाही. पण एकट्या पत्रावरून तो पोरगा कोण होता हे कळत नाही.

ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीचा निर्णय झाला तेव्हा जपानी लष्कराने व सरकारी खात्यांनी आपली दप्तरे जाळायला घेतली. दिवसच्या दिवस आगी पेटत होत्या. कोणी कोणता हुकूम दिला, कोण स्वेच्छेने गेला आणि कोणाला स्वेच्छा दाखवणे भाग पडले, याचे पुष्कळसे सरकारी पुरावे त्यात गेले. मागे राहिले ते घराघरांतले, कपाटातल्या किमोनोखाली ठेवलेले कागद. सरकारने जे जाळले ते आयांनी आणि बहिणींनी सांभाळले असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पण सांभाळणे म्हणजे काय? इथे दोन वाटा फुटल्या. १९४६ पासून ओमी इचिरो नावाचे एक गृहस्थ सुमारे साडेचार वर्षे देशभर फिरून मृत वैमानिकांच्या घरी जात, कुटुंबाचे सांत्वन करत, पत्रे पाहत. त्यांनी मिळवलेल्या पत्रांच्या नकला पुढे नौदलाच्या दोन माजी अधिकाऱ्यांनी आपल्या पुस्तकात वापरल्या. हे दोघे त्या हल्ल्यांच्या आखणीत व अंमलबजावणीत स्वतः सामील होते. म्हणजे ज्यांनी पाठवले त्यांच्याच पुस्तकात पाठवलेल्यांची पत्रे. दुसरीकडे विद्यापीठातल्या मंडळींनी मृत विद्यार्थ्यांचे लेखन जमवले आणि १९४९ साली 'किके वादात्सुमी नो कोए', म्हणजे समुद्रदेवतेचा आवाज ऐका, हा संग्रह काढला. तीनशेहून अधिक जणांच्या लेखनातून पंचाहत्तर जणांचे निवडले. सासाकीचे लेखन त्यात आहे. हे पुस्तक जपानमध्ये युद्धविरोधी चळवळीचे जणू आधारस्तंभ झाले.

आणि तरीही, मित्रांनो, त्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक वातानाबे काझुओ यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली आहे. युद्धाचा जयजयकार करणारे, कडव्या राष्ट्रवादाने भारलेले लेखनही घ्यावे, म्हणजे न्याय होईल, असे त्यांचे आधी मत होते. संपादक मंडळाने तसे लेखन वगळायचे ठरवले. युद्ध नुकतेच संपले होते, त्या लेखनाचा गैरवापर होईल ही भीती होती. वातानाबे यांनी ते शेवटी मान्य केले. आम्हाला विचाराल तर, १९४९ च्या पुस्तकासाठी तो निर्णय समजण्यासारखा होता. पुस्तक निवडूनच काढावे लागते. पण पेटी निवडून ठेवायची नसते. छापताना वगळले ते मुळातही फेकून दिले, तर पुढच्या पिढीला वाटणार की सगळे विद्यार्थी मनातून शांततावादी होते. तसे ते नव्हते. त्यांच्यापैकी काही जणांना खरोखर लढायचे होते.

मूळ प्रतीचे महत्त्व पुढे कोर्टातही दिसले. याच संग्रहाची नवी आवृत्ती १९९५ साली निघाली. तिच्यातील मजकूर मूळ लेखनाशी जुळत नाही, अशी तक्रार घेऊन मृतांचे काही नातेवाईक १९९८ साली न्यायालयात गेले. भावाचे वाक्य भावाने जसे लिहिले तसेच राहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. असा आग्रह ज्याच्या बळावर धरता येतो तो मूळ कागदच. तो नसता तर छापील पान हेच सत्य ठरले असते. २००६ साली तोक्यो विद्यापीठाजवळ या विद्यार्थ्यांच्या वह्या-पत्रांसाठी एक लहानसे स्मृतिसंग्रहालय उघडले. उलट कानोया आणि एताजिमा येथे नौदलाशी जोडलेली संग्रहालये आहेत, तिथेही वैमानिकांची पत्रे आहेत. तेच अक्षर, तीच शाई. एका ठिकाणी विमानाशेजारी ठेवलेले आणि दुसऱ्या ठिकाणी पुस्तकांच्या यादीशेजारी. पाहणाऱ्याच्या मनात दोन ठिकाणी दोन वेगळी माणसे उभी राहतात.

बौद्ध म्हणून आम्हाला आणखी एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. जपानमधील बहुतेक बौद्ध पंथांनी त्या युद्धाला आशीर्वाद दिले. मंदिरांच्या घंटा वितळवून धातू दिला गेला, काही झेन पंथांनी तर वर्गणी काढून सैन्याला लढाऊ विमाने दिली. सोतो झेन पंथाने १९९२ साली याबद्दल जाहीर क्षमा मागितली. ही क्षमा आपोआप आली नाही. जुनी मासिके, प्रवचनांच्या प्रती, पत्रके कोणीतरी ठेवली होती, कोणीतरी ती बाहेर काढली, तेव्हा पंथाला आरशात पाहावे लागले. बुद्धाने कालामांना सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, श्रमण आपला गुरू आहे म्हणून मानू नका. तपासून पाहायचे तर तपासायला काहीतरी हाती लागते. कागद फेकले की उरते ते फक्त ऐकीव.

आता आपल्या घरी येऊ. कागदांचे काय होते हे आपल्या समाजाला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे झाले. त्यांचे कागद त्या घरात होते. १९६७ साली घर रिकामे करवून घेताना त्यातले पुष्कळ कागद उघड्यावर पडले, पावसात भिजले. जे राहिले ते न्यायालयाच्या ताब्यात आणि पुढे महाराष्ट्राच्या महाप्रशासक कार्यालयाकडे पेट्यांत बंद होते. कोर्टकचेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे शासनाच्या समितीला ते मिळाले. वसंत मून साहेबांनी एकेक पान लावत खंड तयार केले. अप्रकाशित लेखनाचा तिसरा खंड १९८७ साली आला. त्यातले 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती' हे लेखन कोणी वाचले असेल त्यांना ठाऊक आहे की मध्येच प्रकरण तुटते, पाने नाहीत. ती पाने बाबासाहेबांनी लिहिलीच नाहीत की पुढे गेली, हे आता कोण सांगणार?

बाबासाहेबांच्या कागदांची ही गत, तर आपल्या आजोबा-चुलत्यांच्या कागदांची काय कथा! १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्या महायुद्धात आपल्या वस्त्यांतून किती माणसे गेली. त्यांच्या घरी आजही पत्र्याच्या ट्रंका आहेत. डिस्चार्जचा कागद, पे-बुक, मनीऑर्डरच्या पावत्या, सेन्सॉरचा शिक्का असलेली पाकिटे. पदक असेल तर ते शोकेसमध्ये असते. बाकीचे तळाशी.

आमच्या चुलत्यांचे असेच एक पत्र आमच्याकडे होते. पेन्सिलने लिहिलेले, चार घड्यांचे. आपण फार शहाणे म्हणून आम्ही ते बाजारात नेऊन लॅमिनेशन करून आणले. यंत्राच्या उष्णतेने आणि चिकटीने काही वर्षांत ते पिवळे पडले, एका कोपऱ्यात बुडबुडा आला आणि आता ते प्लास्टिकमधून सोडवता येत नाही. चुलतीने चाळीस वर्षे लुगड्याच्या घडीत ठेवलेले पत्र आम्ही पाच मिनिटांत बिघडवले. म्हणून आता जे सांगतो ते शहाणपणाने सांगतो असे समजू नका, ठेच लागल्यावर सांगतो.

युद्धकाळातला कागद जगात सगळीकडे हलक्या प्रतीचा होता. लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त. तो उजेडाने व उष्णतेने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. जपानमध्ये कोझो झाडाच्या सालीपासून हाताने केलेला कागद शतकानुशतके टिकतो आणि फाटलेले दस्तऐवज सांधायला जगभरचे अभिलेखागार तोच पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीने चिकटवून वापरतात. सैनिक पोरांच्या वह्या मात्र साध्या गिरणीच्या कागदाच्या. तेव्हा कागद ओल, ऊन आणि कसर यांपासून वाचवणे एवढेच घरी करण्यासारखे असते. सेलोटेप लावू नये, त्याचा डाग कायमचा राहतो. टाचण्या, स्टेपल काढाव्यात, त्या गंजतात. डांबराच्या गोळ्यांनी कसर पळते, ओल जात नाही, म्हणून ट्रंक जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नये. भिजलेला कागद उन्हात न टाकता पंख्याखाली सावलीत, कोऱ्या कागदावर पसरावा. वर्तमानपत्रावर नको, त्याची शाई उमटते. फोटोच्या मागे नाव लिहायचे तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नाही. आजी हयात आहे तोवर फोटोतली माणसे विचारून घ्या. नंतर कोणी सांगणारे राहत नाही.

आणि ट्रंक उघडली की लगेच छान गठ्ठे करू नका. कागद ज्या क्रमाने ठेवले आहेत त्या क्रमालाही अर्थ असतो. पत्रात दुमडलेली पावती त्याच पत्राची असते. आधी आहे तसे मोबाईलवर टिपून घ्या, शंभर पानी वहीत यादी करा, मग हात लावा. मोबाईलमधला फोटो म्हणजे मूळ कागद नव्हे. मोबाईल बदलला की तो कुठे जातो हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुढे कोणा संस्थेला कागद द्यायचे ठरले तर लेखी द्या. काय दिले, कोणी दिले, कोणाला पाहता येईल, सगळे लिहून. आणि पोचपावती घ्या.

यादी करताना एक मोह होईल. आजोबांनी साहेबाला लिहिलेला लाचार अर्ज, दारूच्या उधारीची चिठ्ठी, धम्मदीक्षेनंतरही घरात आलेली जत्रेची पावती. हे काढून टाकावे असे वाटेल. आमच्या ओळखीच्या एका घरात असे कागद "समाजाला काय वाटेल" म्हणून बंबात गेले. आम्ही त्यांना दोष देत नाही, आमच्याही मनात हा विचार येऊन गेला आहे. पण त्या लाचार अर्जावरची तारीख आणि पुढच्या पाच वर्षांनंतरची त्याच माणसाची सही शेजारी ठेवून पाहा. घरच्यांना दाखवायची लाज वाटत असेल तर बंद पाकिटात घाला, वर लिहा, अमुक वर्षी उघडावे. जाळू मात्र नका.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता विहाराच्या मागच्या खोलीत चार टेबले मांडणार आहोत. ज्यांच्याकडे अशा ट्रंका असतील त्यांनी फार नाही, एक पुडके घेऊन यावे. कोणाचाही कागद आम्ही ठेवून घेणार नाही, यादी करून तिथेच परत देऊ. दहावी-बारावीच्या मुलांनी वह्या आणाव्यात, पेन्सिली संघ देईल. हात कोरडे ठेवून यावे आणि चहा बाहेर प्यावा. पाऊस असेल तर पुडके आधी कापडात आणि मग पिशवीत गुंडाळून आणावे.

नमो बुद्धाय. जय भीम.